लेकराच्या अ‍ॅलर्जीमुळं घर व्हीगन करताय? कोल्हापुरात राहून हे कसं जमवायचं, एकेक पायरी

पोराला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, अंड्याची आहे, वर मासळीचीही आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि आता घरात नेमकं शिजवायचं काय, ह्या विचारात जे आईबाप बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या लेकीला ह्या तिन्ही आहेत. सुरुवातीला आम्ही दहा ठिकाणी विचारलं आणि दहा वेगवेगळी उत्तरं मिळाली, तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये एवढीच इच्छा आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस, तपासण्या, काय बंद काय चालू हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, बाकी घर कसं चालवायचं ते मी सांगतो.

मटण-चिकनची अ‍ॅलर्जी तिला नव्हती, तरी आम्ही तेही सोडलं. कारण साधं आहे. मटण मुरवायला दही लागतंय, अंडी त्याच तव्यावर, मासे त्याच तेलात, आणि घरात आजी-आजोबांपासून कामाला येणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना लांबलचक यादी पाठ करायला लावण्यापेक्षा "जनावरापासून आलेलं काहीच नको", म्हणजेच व्हीगन, हा एकच नियम सगळ्यांच्या डोक्यात पटकन बसतोय. पोराचं ताट वेगळं काढण्यापेक्षा सगळ्या घराचं ताट एक करणं सोपं पडतंय, हे माझं ठाम मत आहे. पण दोन गोष्टी आधीच मनात पक्क्या करा: व्हीगन लिहिलेला पदार्थ अ‍ॅलर्जीवाल्या पोराला चालेलच असं नाही, आणि व्हीगन जेवण आपोआप पूर्ण पोषण देतंय असंही नाही. खालच्या बऱ्याच पायऱ्या ह्या दोन गोष्टींभोवतीच आहेत.

१) आधी निदान पक्कं करा, मग घर बदला

दूध न पचणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न पचण्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्रास देते, पोट फुगतंय, जुलाब होतात, पण जीवाला धोका नसतोय. अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रोटीनची असते, केसीन आणि व्हे ही त्यातली मुख्य, आणि तिथं चमचाभर दूधही भारी पडू शकतंय. म्हणून लॅक्टोज-फ्री दूध अ‍ॅलर्जीवाल्या पोराला अजिबात चालत नाही, त्यात प्रोटीन तसंच्या तसं असतंय. "गायीचं सोडा, म्हशीचं द्या, नाहीतर शेळीचं द्या" हा सल्ला तर तुम्हाला गल्लीगल्लीत मिळणार, पण ह्या सगळ्या दुधांची प्रोटीनं इतकी सारखी असतात की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक पोरांना शेळीचंही सोसत नाही.

डॉक्टरकडं जायच्या आधी एक वही करा. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळानं काय झालं. अंगावर गांधी उठल्या असतील तर लगेच मोबाईलवर फोटो काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या बऱ्याचदा विरून जातात. काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत त्रास झाला की ती बहुतेक वेळा आयजीई (रक्तातली एक अँटिबॉडी) प्रकारची अ‍ॅलर्जी असते. काही पोरांना मात्र कित्येक तासांनी उलट्या होतात किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, तो प्रकार वेगळा, आणि त्यात रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काही नाही असं धरून बसू नका.

तपासण्या दोन. एक स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे हातावर नाहीतर पाठीवर थेंब टाकून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी किती फुगवटा आला ते मोजतात. दुसरी रक्तातली स्पेसिफिक आयजीई. प्रिक टेस्टच्या आधी काही दिवस अ‍ॅलर्जीचं सिरप बंद ठेवायला लागतंय, किती दिवस ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, नाहीतर हेलपाटा पडतोय. शंका राहिलीच तर ओरल चॅलेंज करतात, डॉक्टरांच्या समोर तो पदार्थ अगदी थोडा थोडा देऊन बघायचा, आणि हे फक्त सगळी सोय असलेल्या हॉस्पिटलमध्येच, घरी कधीच नाही. आधी आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडं जावा, ते पुढं अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडं पाठवतील, त्यासाठी पुण्याला जायला लागलं तरी जावा.

इथली सापळ्याची जागा म्हणजे मोठी मोठी पॅनेलं. शंभर पदार्थांची तपासणी एका दमात, आणि रिपोर्टवर वीस ठिकाणी लाल खूण. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतंय. जो पदार्थ पोरगं आजवर आरामात खात आलंय तो केवळ कागदावर लाल दिसला म्हणून बंद करू नका, उलट विनाकारण बंद केल्यानं काही पोरांची सवय मोडते आणि पुढं खराच त्रास होऊ शकतोय. आणि आयजीजी नावाची जी तपासणी विकतात तिच्यावरून अ‍ॅलर्जी कळत नाही, ते पैसे वाचवा.

२) इमर्जन्सीची पिशवी आणि एक कागद

ही पायरी स्वयंपाकघराच्या आधी करा.

अंगावर पित्त उठलं की आमसूल चोळायचं ही आपली घरोघरची पद्धत. नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप पुरतंय. पण अ‍ॅलर्जीचं काही पोटात गेल्यावर गांधींबरोबर श्वास घुरघुरायला लागला, आवाज बसला, ओठ-जीभ सुजली, सारख्या उलट्या व्हायला लागल्या, पोरगं एकदम मलूल, पांढरं पडलं, तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आहे, आणि तिथं आमसूलही नाही, सिरपही नाही, पहिलं औषध अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. कपड्यावरून द्यायला लागलं तरी द्यायचं.

परदेशात ह्याची पेनासारखी तयार इंजेक्शनं मिळतात, आपल्याकडं साध्या मेडिकलमध्ये ती सहसा मिळत नाहीत. म्हणून बऱ्याचदा डॉक्टर अ‍ॅम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज ठेवायला सांगतात. डोस वजनावर ठरतोय, किलोमागं ०.०१ मिलीग्रॅम, आणि पोराचं वजन वाढलं की आकडा बदलतोय, त्यामुळं दर भेटीत नवीन डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि भरायची प्रॅक्टिस त्यांच्या समोर करा. नुसतं बघून घरी येऊ नका, नवरा-बायको दोघांनी हातात सिरिंज घेऊन करा, आजीला पण शिकवा. अ‍ॅम्प्यूल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, एक्स्पायरी बघत राहायची, आतलं पाणी तांबूस दिसलं तर टाकून द्यायची.

इंजेक्शन दिलं की १०८ ला फोन. पोराला आडवं झोपवायचं, पाय थोडे वर, श्वासाला त्रास होत असेल तर बसवायचं, उठवून चालवायचं नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायला लागतोय, तो पण कागदावर लिहून घ्या. आणि बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही, काही तासांनी त्रास परत उसळू शकतोय, दवाखान्यात देखरेखीखाली राहायलाच लागतंय.

जवळ ठेवायचे कागद आणि वस्तू:

- निदानाचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन-तीन झेरॉक्स
- एका पानावर मराठीत इमर्जन्सी प्लॅन, वर पोराचा फोटो, खाली दोन फोन नंबर आणि जवळच्या हॉस्पिटलचं नाव
- अ‍ॅड्रेनालीन दोन डोसचं, सिरिंज, सिरप, चमचा
- सगळी पिशवी एकच, भडक रंगाची, पोरगं जिथं जाईल तिथं जाणारी

३) स्वयंपाकघर रिकामं करा

दूध तापवलं, उकळलं, भाजलं तरी सगळी प्रोटीनं मरत नाहीत, म्हणून "गरम झालं की काय होतंय" हे डोक्यातून काढा. काही पोरांना केकमध्ये भाजलेलं दूध-अंडं सोसतंय हे खरं, पण तुमचं पोरगं त्यातलं आहे का ते डॉक्टर चॅलेंज करूनच ठरवतात.

घासून भागत नाही अशा वस्तू घरात कितीतरी निघतात. चहाची गाळणी, तिच्या जाळीत साय बसलेली असते. मिक्सरच्या पात्याखालची रबरी रिंग, ती एकदा काढून बघा, तिथं काय काय साठतंय ते दिसेल. ताक घुसळायची रवी, लाकडी उलथणं, चिरा पडलेला पोळपाट, तुपाचा जुना डबा. ह्या सगळ्या सरळ बदला. बिडाचा तवा टाकायची गरज नाही, तो साबण लावून खरवडून घासा आणि परत तेल लावून तापवा. भांड्याची घासणी नवीन.

तुपाबद्दल खूप वाद होतात. तुपात प्रोटीन अगदी कमी उरतंय, पण अजिबात नसतंय असं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट चालेल म्हटल्याशिवाय तूप नाही. आमच्याकडं फोडणीला आणि पोळीला घाण्याचं शेंगतेल आलं.

बाथरूमही तपासा. दूध-मलईचे साबण, साय-हळद-डाळीच्या पिठाचं उटणं, दिवाळीत दुधात कालवलेलं उटणं. ज्या पोरांना एक्झिमा आहे, कातडी फाटलेली आहे, त्यांच्या अंगाला अ‍ॅलर्जीचा पदार्थ चोळायचा नाही. उटणं पाण्यात नाहीतर नारळाच्या दुधात कालवा.

४) लेबल वाचायला शिका

हिरवा ठिपका बघून पिशवीत टाकायची सवय आपल्याला आहे. हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, दही सगळं बसतंय. अंडं मात्र आपल्याकडं मांसाहारी खुणेत येतंय, म्हणजे तपकिरी रंगाचा त्रिकोण. एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये व्हीगनचा वेगळा लोगो आणलाय, चौकोनात हिरवा इंग्रजी व्ही आणि त्याला पान. तो लोगो असला म्हणजे साहित्यात दूध-अंडं घातलेलं नाही. पण त्याच मशिनवर आधी दुधाची बिस्किटं गेली असतील तर? म्हणून लोगो बघून झाला तरी मागची बाजू वाचायचीच.

२०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणं पाकिटावर अ‍ॅलर्जीचे पदार्थ वेगळे लिहायला लागतात: ग्लूटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदाम वर्ग, सोयाबीन, सल्फाइट. तीळ ह्या यादीत नाहीत, ज्यांच्या पोराला तिळाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी सगळं साहित्यच ओळीनं वाचायचं.

दूध ज्या नावांनी लपतंय ती पाठ करा: केसीन, केसीनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, बटर ऑइल. "नॉन-डेअरी" लिहिलेल्या कॉफीच्या पावडरीत आणि केकवरच्या क्रीममध्ये केसीनेट असू शकतंय, नावावर जाऊ नका. ब्रेड, टोस्ट, खारी, मसाला चिप्स, सूपची पाकिटं, सगळ्यात निघतंय. आणि दर वेळी वाचा, कंपन्या साहित्य बदलतात आणि पाकीट तसंच दिसतंय.

सुट्टा माल सगळ्यात धोक्याचा. लक्ष्मीपुरीतून डाळी, कडधान्यं, तांदूळ भरताना काही प्रश्न येत नाही. पण जिथं एकाच ट्रेमध्ये पेढा आणि शेंगदाण्याची चिक्की, एकाच चिमट्यानं उचलणं, तिथून सुट्टं काही घेऊ नका. औषधाच्या दुकानातसुद्धा सांगा, काही पावडरवाल्या इनहेलरमध्ये लॅक्टोज असतंय आणि त्यात दुधाच्या प्रोटीनचा अंश राहू शकतोय.

५) मग खायचं काय? तांबडा-पांढरा सुटत नाही

कोल्हापुरातला माणूस पहिलं हेच विचारतोय, म्हणून इथं जरा थांबतो.

पांढऱ्या रश्शाचा जीव मुळात नारळाच्या दुधात आहे. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध वेगळं काढा, दुसरं पातळ वेगळं. पातेल्यात थोडं शेंगतेल, त्यात दालचिनी, लवंग, मिरे, वेलदोडा, तमालपत्र, उभी चिरलेली हिरवी मिरची, आलं-लसणाची गोळी, कांद्याच्या मोठ्या फोडी आणि मूठभर अळंबी टाका, दोन तांबे पाणी घालून निम्मं होईस्तोवर उकळा आणि गाळून घ्या. हा झाला अळणी. खसखस, तीळ आणि काजू भिजवून गंधासारखं बारीक वाटा, अळणीत सोडा, पातळ दूध घाला, उकळी येऊ द्या. घट्ट दूध सगळ्यात शेवटी, गॅस बारीक, आणि त्यानंतर खळखळ उकळायचं नाही, फुटतंय. मीठ उतरवल्यावर. काजू चालत नसेल तर मगज बी घ्या. हॉटेलात मात्र पांढऱ्या रश्शात मटणाचं पाणी असतंयच, काही ठिकाणी दूधही घालतात, तो बाहेर कधीच नाही.

तांबड्याला हुलग्याचं कढण घ्या. हुलगे रात्री भिजवून कुकरला मऊ शिजवा, वरचं पाणी गाळा, त्या पाण्याला जो दाटपणा आणि खमंगपणा असतोय त्यावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी पडली की कट असा येतोय की बघत राहावं. फणसाच्या फोडी नाहीतर सोयाचे गोळे घाला. चटणी डंकावर कुटून आणत असाल तर त्यात तीळ असतात हे ध्यानात ठेवा.

दूध: सोयाबीन तर आपल्या जिल्ह्यातच पिकतंय. रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, वाटा, गाळा, आणि मग निदान वीस मिनिटं चांगलं उकळा, फेस काढत राहा. हे उकळणं टाळायचं नाही, कच्च्या सोयात पचन अडवणारे घटक असतात. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही पोरांना सोयाचीही असते, म्हणून डॉक्टरांना विचारून सुरू करा.

दही: शेंगदाणे भिजवून सालं काढून दूध काढा, उकळा, कोमट करा. विरजणाला घरचं जुनं दही वापरायचं नाही, अगदी चमचाभरही नाही, तिथंच सगळी मेहनत वाया जाते, कारण त्यात दूध आहे. हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन पाच-सहा टाका आणि उबेला रात्रभर ठेवा. पहिलं दही जरा पातळ, वासाचं येतंय, त्याचंच विरजण लावून दुसरं लावा, ते छान लागतंय. आता हे शेंगदाण्याचं झालं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या घरात हा रस्ताच बंद. व्हीगन पाककृती काजू, बदाम, सोया, शेंगदाणे, तीळ ह्यांच्यावरच उभ्या असतात आणि हेच पदार्थ अ‍ॅलर्जीच्या यादीतही वर आहेत, म्हणून मोबाईलवर बघून डोळे झाकून काही करू नका.

बाकी रोजच्या जेवणात आपल्याकडं मुळातच दूध-अंडं नसलेलं किती आहे ते एकदा मोजा. भाकरी, झुणका, खर्डा, चकोल्या, शेंगोळ्या, थालीपीठ, मोडाची उसळ, अख्खा मसूर, भडंग. नाचण्याची आंबील ताकाशिवाय पण होते, पीठ रात्री पाण्यात आंबवायचं आणि सकाळी शिजवायचं.

६) पोषण: इथं हयगय नको

बी-१२ वनस्पतीच्या जेवणातून भरवशाचं मिळत नाही. इडली आंबवली, स्पिरुलिना खाल्ली, काहीही केलं तरी नाही. गोळी नाहीतर सिरप घ्यायलाच लागतंय, फक्त पोराला नाही, घरातल्या व्हीगन झालेल्या प्रत्येकाला. कमतरता झाली की रक्त कमी होतंयच, मज्जातंतूंनाही इजा होते, आणि ते हळूहळू होत असल्यानं लवकर कळत नाही.

कॅल्शियमचं गणित मांडा. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या पोराला दिवसाला ५५० मिलीग्रॅम धरलंय. १०० मिली दुधात साधारण १२० असतंय. १०० ग्रॅम नाचण्यात साधारण ३५०, तिळात १००० च्या वर. पण पोरगं १०० ग्रॅम तीळ खात नाही, चमचा-दोन चमचे खातंय, म्हणून नाचणा, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा असं सगळीकडून गोळा करायला लागतंय आणि तरी कमी पडलं तर डॉक्टर पूरक औषध देतात. नाचण्याला मोड आणून पीठ केलं तर अंगी जास्त लागतंय. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम शरीराला फार मिळत नाही.

व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची पावडर मेडिकलमध्ये सहज मिळते, ती स्वतःच्या मनानं पोराला देऊ नका. डी-३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. आपण अ‍ॅलर्जीसाठी व्हीगन झालोय, त्यामुळं आम्ही त्यावर अडून बसलो नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मीठ आयोडीनचंच ठेवा, मासे-दूध बंद असताना सैंधवावर जाऊ नका. लोहासाठी डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा नको. जवसाची चटणी रोज एक चमचा.

लहान पोराचं पोट छोटं असतंय, नुसत्या भाज्या-कडधान्यांनी ते लवकर भरतंय आणि ताकद कमी पडते. म्हणून तेल, खोबरं, शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं. दर भेटीला वजन-उंची तक्त्यावर मांडून घ्या, रेघ खाली सरकायला लागली तर आहारतज्ज्ञांकडं लगेच जावा. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर घरचं कुठलंही वनस्पती-दूध आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, अ‍ॅलर्जीसाठीचं खास फॉर्म्युला डॉक्टर लिहून देतात.

घरात दुसरं तान्हं बाळ असेल तर त्यालाही भीतीनं सगळं बंद ठेवू नका. २०१५ साली लीप नावाचा अभ्यास आला, त्यात जास्त धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला तर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्के कमी झाली. अख्खा दाणा नव्हे, घशात अडकतोय, बारीक कूट पेजेत कालवून. दूध-अंडं त्या बाळाला कधी आणि कसं द्यायचं, घरात मोठ्याला धोका न होता, हे डॉक्टरांशी बसून ठरवा.

७) घरची माणसं

"एवढ्याशा तुपानं काय होतंय", "थोडं थोडं देऊन सवय लावा", "आमच्या वेळी नव्हतं असलं काही". बोलणारी माणसं पोरावर जीव टाकणारीच असतात. वाद घालू नका, आजी-आजोबांना एकदा डॉक्टरांकडं घेऊन जावा. आमच्या आईला मी कितीही सांगितलं त्यापेक्षा डॉक्टरांचं एक वाक्य जास्त पटलं, आणि आता पाहुण्यांना तीच अडवते. थोडं थोडं देऊन सवय लावायचा उपचार खराच असतोय, पण तो मोजून मापून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

आबांना गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची आयुष्यभराची सवय. ती आम्ही मोडली नाही. ते तिकडंच पितात, घरी आल्यावर साबणानं हात-तोंड धुतात, चूळ भरतात आणि मगच नातीला जवळ घेतात. साबणच पाहिजे, सॅनिटायझरनं जंतू मरतात, प्रोटीन निघत नाही.

८) शाळा, सणवार, बाहेर

शाळेत वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि रिक्षावाले मामा तिघांनाही भेटा. अर्ज लेखी द्या, सोबत इमर्जन्सी प्लॅनची झेरॉक्स, आणि अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. डबा वाटून खायचा नाही हे पोराला रागावून नाही, रोज सांगून सांगून शिकवा. वाढदिवसाचा केक ही खरी अडचण. बाईंकडं एक डबा देऊन ठेवा, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, पोराला आवडतंय ते, म्हणजे बाकीची पोरं केक खाताना आपलं पोरगं रिकाम्या हातानं बसत नाही. ह्याचं पोरांना किती वाटतंय ते आपल्याला कळत नाही, हा डबा कधीच रिकामा ठेवू नका.

सणात जड जातंय ते प्रसादाचं. पंचामृत, पेढा, सत्यनारायणाचा शिरा, सगळ्यात दूध-तूप. नको म्हणायला संकोच वाटतोय, तर प्रसाद कपाळाला लावून पिशवीत ठेवा, आणि पोराला खडीसाखर नाहीतर नारळाचा तुकडा द्या, अंबाबाईपुढं ठेवलेलं खोबरंही प्रसादच आहे. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर, उकडीचे मोदक वरच्या तुपाशिवाय, चकलीला लोण्याऐवजी तेलाचं मोहन. बेंदराला, गौरीला काही अडत नाही. कोजागिरीला नारळाच्या दुधात गूळ-केशर घालून आटवा.

बाहेर खाताना हॉटेलवाल्याला "व्हीगन" म्हणून उपयोग नाही. "पोराला दूध, दही, तूप, लोणी, अंडं, मासे पोटात गेलं तर दवाखान्यात न्यायला लागतंय" असं सरळ सांगा. मिसळीचा कट बहुतेक ठिकाणी चालतोय, पण विचारून, आणि बरोबरचा ब्रेड नको, त्यात दुधाची पावडर असू शकते, घरची भाकरी न्या. दावणगिरी लोणी डोसा जिथं मिळतोय तिथला साधा डोसाही नको, तवा तोच. तळणीचं तेल विचारा. ज्या दिवशी हॉटेलात गर्दी आहे आणि पोऱ्या नीट ऐकून घेत नाही त्या दिवशी उठून यायचं, डबा सोबत असतोयच. लग्नाला जाताना पोराला जेवू घालूनच न्या.

९) दर वर्षी परत तपासणी

दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच पोरांची मोठं होता होता जाते. शेंगदाण्याची आणि मासळीची त्या मानानं कमी जणांची जाते. म्हणून एकदा रिपोर्ट आला की आयुष्यभराचा शिक्का बसला असं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा परत तपासणी करा, आणि आकडे उतरले असतील तर ओरल चॅलेंजबद्दल तुम्हीच विचारा.

त्या भेटीला जाताना मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून न्या, वर्षभरात चुकून काही पोटात गेलं असेल तर ते वहीतून दाखवा, काय, किती, किती वेळानं, कुठलं औषध दिलं. लसींचं कार्ड न्या. अंड्याच्या अ‍ॅलर्जीत गोवरची एमएमआर लस सहसा देता येते, तरी अ‍ॅलर्जी आहे हे लस द्यायच्या आधी सांगायचंच. अ‍ॅम्प्यूलची एक्स्पायरी त्याच दिवशी बघा, नवीन वजनाप्रमाणं डोस लिहून घ्या, आणि शाळेतल्या प्रतीवरचा जुना आकडा दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून या.